दादाला होंडा शिकवताना

आमच्या गावात कंपनी कुठलीही असो,
चार जाड चाकं असली की ती होंडा.
ही लाल, बुटकी, नव्वद सीसीची.
तू बारा वर्षांची.
हेल्मेटचा पट्टा आवळ. अजून.
हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच.

ऑगस्ट आहे, तरी खाडीत बर्फाचे दोन तुकडे अडलेत
आणि वारा सरळ त्यांच्यावरून येतोय.
हातमोजे घाल. अंगठा गारठला
की ॲक्सिलरेटर ऐकत नाही,
किंवा फारच ऐकतो.

बसू नकोस अजून. आधी चहूबाजूंनी फिर.
टायर दाबून बघ, चारही.
मागचा डावा रात्रीतून बसतो,
त्यात खिळा आहे, मी अजून काढलेला नाही.
चूक माझी, पण पडशील तू.
हवा भर. पंप तिथे, जाळ्याखाली.
आता टाकीचं झाकण. वास नको घेऊस, नुसतं बघ.
वाक. तेल ठिबकलंय का खडीवर?
लिव्हर अंगठ्यानं ढकल. सोड.
आपणहून मागे आला?
नसता आला तर आज चालत गेलो असतो नदीवर.
मासे कुठे पळून जात नाहीत.
(जातात खरं तर. तरी चालतच.)

हं, बस.
ब्रेक दाबून धर. न्यूट्रल. हिरवा दिवा.
चोक वर.
ही लाल दोरी मनगटाला बांध:
तू पडलीस की ती निघेल,
ती निघाली की इंजिन मरेल.
बटण.

खोकतेय. खोकू दे.
थंडीत झोपेतून उठवलेल्या माणसाला
कोणी लगेच पळायला लावतं का?

तेवढ्यात एक सांगतो.
तुझं नाव, आकुमालिक, माझ्या थोरल्या भावाचं.
तो गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात तू आलीस,
म्हणून रीपिकानं ते तुला दिलं.
आणि आईच्या कोटाच्या टोपीत गाढ झोपलेल्या तुला
मी, बत्तीस वर्षांचा बाप्या, दादा म्हणालो.
आमच्यात नावाबरोबर नातंही येतं.
बाहेरून आलेल्या नर्सबाई हसल्या होत्या.
नंतर त्याही तुला तसंच विचारायला लागल्या:
भाऊ कसा आहे गं तुझा धाकटा?

त्यानंच मला शिकवलं, याच खडीवर.
दोरी-बिरी नव्हती तेव्हा.
चढ सरळ चढायचा, नाहीतर चढायचाच नाही,
हे त्याचंच वाक्य.
आणि त्या दिवशी धुकं येत होतं,
मागे अख्खा कॅरिबू बांधलेला,
आणि नदीपलीकडच्या चढावर तो
आडवा गेला.
एवढंच. बाकी आईला विचार.
किंवा नको विचारूस.

चोक खाली. ऐक, खोकला गेला.
चढताना पुढे झुक, उतरताना मागे सर.
पाय फळीवरच. दगड आला तरी फळीवरच.
मागे कोणी बसणार नाही:
मैत्रीण नाही, कुत्रं नाही, मी नाही.

पुढचा गिअर. ब्रेक सोड.
अंगठा हळू,
झोपलेल्या पोराचा गाल दाबावा तसा.
त्या गंजक्या पिंपापर्यंत जा आणि परत ये.
डम्पच्या रस्त्याला लागायचं नाही,
काल तिकडे अस्वलाचे ठसे होते.

गेलीस.
धूळ, आणि धुळीत एक लाल ठिपका.
पिंपाशी वळताना आत झुकलीस,
डावा खांदा थोडा जास्तच खाली टाकून,
जणू कानात पाणी गेलंय.
खांद्याचं मी काहीच सांगितलं नव्हतं.

ये. न्यूट्रल. ब्रेक लाव. बंद कर.
किल्ली काढ, तुझ्याच खिशात ठेव,
चेन ओढ खिशाची.
आता पक्कड आण, दादा.
तो खिळा काढू.